देवाने शब्द फिरवला तर? (योना, निनवे आणि सहावीतल्या मुलाचा एक प्रश्न)

खडूपाटी | रविवार, दुपारी ३.४०

नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात मी चर्चच्या पोरांचं संडे स्कूल घेते. म्हाताऱ्या बाया अजून शब्बाथशाळाच म्हणतात. बारा-पंधरा पोरं, त्यातल्या निम्म्यांचं लक्ष बिस्किटाच्या पुड्याकडे. आज योनाचा धडा होता. मासा आला की पोरं खूश असतात, त्यामुळे मी निर्धास्त गेले होते.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. देव योना नावाच्या संदेष्ट्याला सांगतो, निनवेला जा आणि ओरडून सांग की तुमची दुष्टाई माझ्यापर्यंत पोचली आहे. निनवे म्हणजे अश्शूरांचं महानगर, आजच्या इराकमधल्या मोसूलला लागून. योना उलट दिशेच्या जहाजात बसतो. वादळ, मासा, तीन दिवस माशाच्या पोटात, मग मुकाट्याने निनवे. तिथे तो एकच वाक्य बोलतो: आणखी ४० दिवस, की निनवे उलथून पडेल. लोक हादरतात. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांना आणि गुराढोरांनाही गोणपाट नेसवतो, सगळ्यांना उपास. देव ते पाहतो आणि सांगितलेलं अरिष्ट आणत नाही.

सहावीतला एक मुलगा आहे, एरवी तोंडातून शब्द निघत नाही. तो म्हणाला, "टीचर, मग देव खोटं बोलला ना?"

मी ठरलेलं उत्तर दिलं: देव बदलला नाही, माणसं बदलली. तो म्हणाला, "पण देवाने 'जर' म्हटलंच नव्हतं."

खरंच नाही म्हटलेलं. घरी येऊन पुन्हा वाचलं. जर-तर कुठेच नाही.

वर शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, दोन्ही बाजू आहेत. गणना २३ मध्ये आहे की देव म्हणजे मन बदलायला काही माणूस नव्हे. मलाखी म्हणतो, परमेश्वर बदलत नाही. आणि १ शमुवेल १५ तर कहर आहे. ११व्या ओवीत देवाला शौलाला राजा केल्याचा पस्तावा होतो, २९व्या ओवीत शमुवेल संदेष्टा ठणकावतो की देव पस्तावत नाही, आणि ३५व्या ओवीत परत देवाला पस्तावा! एकाच अध्यायात.

पुढच्या रविवारी उत्तर देते म्हणून सुटले आहे. परिपूर्ण असलेला मत बदलू शकतो का? कुठल्याही धर्माच्या बाजूने बोला, पण मला बारा वर्षांच्या मुलाला सांगता येईल असं काहीतरी द्या.

इरसाल_कार्टं | दुपारी ३.५२

रुमाल टाकून ठेवतो. मासा कोणता होता? बांगडा नक्की नसणार.

कडवट_चहा | दुपारी ४.३०

ताई, पोराला वकील करा.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं सरळ उत्तर प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात देऊन ठेवलंय. जे सर्वोत्तम आहे ते बदललं तर वाईटाकडेच जाणार, कारण वर जायला जागाच नाही. म्हणून देव बदलत नाही. ॲरिस्टॉटलने त्यावर कळस चढवला: सगळ्यांना हलवणारा, पण स्वतः न हलणारा.

आता तुमची गोष्ट यात बसवा. ४० दिवसांनी निनवे पडणार नाही हे देवाला आधी माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं, तर ती पोकळ धमकी झाली, म्हणजे पोरगं बरोबर आहे. माहीत नव्हतं, तर सर्वज्ञपणा गेला. माहीत होतं, खरंच पाडणारही होता, पण नंतर दया आली म्हणाल, तर आधी दया कमी होती आणि नंतर वाढली. कमी होती तेव्हा तो परिपूर्ण नव्हता.

तीनही दारं बंद.

भाष्यकार | सायं. ५.१५

कडवटराव, हा पेच आपल्याकडेही आहे, फक्त दुसऱ्या दाराने येतो. देव एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देतो, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय नाही का? ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) उत्तर आहे: नाही, कारण तो जीवांच्या कर्माच्या अपेक्षेने देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो. एकातून भात येतो, दुसऱ्यातून जव, तो बियाण्याचा फरक. पावसाने काही मत बदललेलं नसतं.

निनवेच्या लोकांनी बियाणं बदललं. ईश्वर होता तिथेच आहे. गीतेत 'समोऽहं सर्वभूतेषु' म्हटलंय ते हेच.

खडूपाटी | सायं. ५.४०

भाष्यकारजी, दृष्टांत सुंदर आहे आणि वर्गात लगेच कळेल. पण आमच्या भागात पावसाबद्दल 'तो होता तिथेच आहे' असं म्हटलं तर पोरं हसतील. आणि पाऊस कुणाशी बोलत नाही हो. '४० दिवसांनी येतो' असं सांगून राहिला, तर शेतकरी त्यालाही खोटारडा म्हणतो.

दर्याकाठ | सायं. ७.०५

माझं बालपण अलिबागजवळ गेलं. शेजारच्या आजी बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवार तेली. मराठी आमच्यापेक्षा चांगलं. त्यांच्याकडे योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, 'दारफाळणीचा सण' म्हणायचे. आजी त्या दिवशी पांढरं नेसायच्या, पाण्याचा थेंब नाही, आणि दिवसभर इस्राएल आळीतल्या मशिदीत. (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ते मशीदच म्हणतात.) संध्याकाळी आल्या की आवाज बसलेला असायचा.

आजी सांगायच्या की त्या दिवशी दुपारी योनाचं पुस्तक वाचतात, अख्खं. ४ अध्याय, ४८ ओव्या. जगभर ज्यू तेच वाचतात. मला तेव्हा वाटायचं, उपासाने जीव कासावीस झालेला असताना माशाची गोष्ट कशाला? आता कळतंय. वर्षभराचा निवाडा त्या दिवशी पक्का होतो अशी श्रद्धा, संध्याकाळी दार लागणार, आणि त्याआधी वाचायचं काय, तर निवाडा फिरल्याची गोष्ट. देवाला ऐकू जाईल अशा आवाजात.

ताई, तुमच्या पोरासाठी माझ्याकडे आजीच आहेत. मी त्यांच्या रातांब्यावर चढलो की त्या ओट्यावरून ओरडायच्या, "पडशील रे मेल्या!" मी उतरायचो. पडलो नाही. मग आजी खोट्या पडल्या का? त्यांनीही 'जर' म्हटलं नव्हतं. 'भाजेल', 'पडशील', 'आजारी पडशील'. मराठीत अर्धा भविष्यकाळ खरा होऊ नये म्हणूनच वापरतात.

इरसाल_कार्टं | सायं. ७.११

+१. आमच्या मातोश्रींचं 'नापास होशील' तेवढं खरं ठरलं.

कडवट_चहा | रात्री ८.२०

दर्याकाठ, छान लिहिलंत, पण हातचलाखी आहे. आजी 'पडशील' म्हणत होत्या, 'पाडीन' म्हणत नव्हत्या. पाडणारी फांदी होती, आजी नव्हत्या. निनवेच्या गोष्टीत इशारा देणारा आणि पाडणारा एकच आहे. 'पाडीन' म्हणून न पाडणाऱ्याला आमच्याकडे शब्द फिरवला असंच म्हणतात.

अनुस्वार | रात्री १०.४८

आता मला राहवत नाही. दहा वर्षांपूर्वी हौसेने हिब्रू शिकलो, कधी नव्हे ती कामाला येतेय.

कडवट_चहा यांचा 'पडशील / पाडीन' भेद अचूक आहे. म्हणून मूळ वाक्यच बघू. हिब्रूत योनाचं वाक्य फक्त पाच शब्दांचं आहे: "ओद अर्बाईम योम व-निनवे नेहपाखेत." शेवटचं क्रियापद 'हाफख' धातूचं, आणि रूप कर्मणी किंवा आपोआप घडणाऱ्या क्रियेचं. कोण उलथवणार ते वाक्यात नाहीच! म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ते 'पाडीन' नसून 'पडशील'च्या जवळचं आहे.

खरी गंमत पुढे आहे. 'हाफख' म्हणजे उलथणं. सदोम-गमोरा ही पापी शहरं देवाने उलथली तिथे हाच धातू. पण एखादी गोष्ट पार बदलून जाणं, शोकाचा आनंद होणं, यालाही हाच धातू वापरतात. अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या ज्यू भाष्यकाराने इथे नेमकं बोट ठेवलंय: 'नष्ट होईल' असं न म्हणता हा शब्द वापरला, कारण त्याला वाईट आणि चांगला असे दोन्ही अर्थ आहेत.

खडूपाटी ताई, तुमच्या धड्यातलं 'उलथून पडेल' तेवढं बाजूला ठेवा आणि आपला साधा शब्द घेऊन बघा:

आणखी ४० दिवस, की निनवे पालटेल.

पालटली की नाही? वाक्य शब्दशः खरं ठरलं. खोटं ठरलं ते योनाच्या मनातलं.

आणखी एक. योनाच्या बापाचं नाव अमित्तय. ते 'एमेत' म्हणजे सत्य या शब्दावरून येतं. ज्याच्या नावातच सत्य आहे त्याला वाटतं देवाने आपल्याला खोटं पाडलं. लिहिणाऱ्याने गालातल्या गालात हसत लिहिलंय हे सगळं.

(इरसाल, मूळात फक्त 'दाग गादोल' आहे, मोठा मासा. बांगड्याची शक्यता तांत्रिकदृष्ट्या खुली आहे.)

कडवट_चहा | रात्री ११.०२

हे आवडलं. पण हा शब्दखेळ झाला. दहाव्या ओवीत देवाने 'करीन म्हटलेलं अरिष्ट केलं नाही' असं लेखक स्वतःच म्हणतो. तिथे 'करीन' आलंच.

अनुस्वार | रात्री ११.१५

आलं, खरंय. आणि तिथलं क्रियापद 'नाहम', तेच जे शौलाच्या अध्यायात तिन्ही ठिकाणी आहे. याचा अर्थ नुसतं 'मत बदलणं' नाही. खेद वाटणं, कळवळणं आणि सांत्वन होणं, तिन्ही त्यातच येतं. म्हणून 'देवाने मत बदललं' हे भाषांतर जरा कोरडं होतं. कुणी समितीत ठराव मागे घेतल्यासारखं.

याच धातूवरून नहूम हे नाव आहे. नहूम संदेष्ट्याचं छोटं पुस्तक आहे आणि त्याचा विषय काय, तर निनवेचा नाश! इ. स. पू. ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मेदी फौजांनी निनवे खरंच पाडलं. म्हणजे शेवटी उलथलंच, फक्त ४० दिवसांत नाही.

माळकरी | सोमवार, सकाळी ६.१०

रामकृष्णहरी. पहाटे सगळा धागा वाचून काढला.

मंडळी, तुम्ही देवाला कोर्टात उभं केलंय आणि त्याने जबानी बदलली की नाही ते बघताय. आमच्या घरात वेगळं शिकवलं. कृष्णाने प्रतिज्ञा केली होती की युद्धात शस्त्र धरणार नाही. भीष्मपर्वात तिसऱ्या दिवशी तो चक्र घेऊन रथातून उडी मारतो, नवव्या दिवशी हातात चाबूक असतो. अर्जुन धावत जाऊन पाय धरतो, तरी दहा पावलं फरफटत नेतो त्याला. भागवतात पहिल्या स्कंधात शरपंजरी पडलेला भीष्म हा प्रसंग आठवतो आणि काय म्हणतो? याने माझी प्रतिज्ञा खरी व्हावी म्हणून स्वतःची मोडली. अंगावर धावून आलेल्याबद्दल भीष्माची तक्रार नाही, मरताना तेच रूप डोळ्यांपुढे हवंय त्याला.

परिपूर्ण म्हणजे न हलणारा, हे त्या ग्रीक गुरुजींनी कुठून आणलं ते त्यांनाच ठाऊक. न हलणारे आमच्याकडेही आहेत, २८ युगं विटेवर. पण तो हलत नाही कारण कुणाची तरी वाट बघतोय.

भाष्यकार | सकाळी ९.३०

माळकरीबुवा, दंडवत. पण तुकोबांनीच नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा असं विचारलंय, ते विसरू नका. देव विनवण्यांनी वळतो असं एकदा म्हटलं की मागोमाग कोंबडं-बकरं येतंच.

माळकरी | सकाळी ९.५५

विसरत नाही. नवस हा सौदा आहे. निनवेवाल्यांनी सौदा कुठे केला? राखेत बसले, बस. 'सोडलंस तर देऊळ बांधू' असं राजा म्हणालेला दिसत नाही.

मिरजेची_सून | दुपारी १२.२०

कुरआनात दहाव्या सूरेचं (अध्यायाचं) नावच यूनुस, म्हणजे तुमचा योना. त्यात म्हटलंय की अरिष्ट डोक्यावर आल्यावर श्रद्धा ठेवून वाचलेली वस्ती एकच, यूनुसच्या लोकांची. म्हणजे आमच्याकडेही तो अपवादच मानलाय, नियम नाही.

आणि मेराजची, म्हणजे प्रेषित मुहंमद स्वर्गात जाऊन आले त्या रात्रीची, हदीस (परंपरेने आलेली कथा). (माझ्या सासरच्या गावाशी संबंध नाही, लग्नात सगळ्यांनी हा विनोद करून झालाय.) अल्लाहने आधी रोजच्या ५० नमाजा फर्मावल्या. परतताना मूसा (तुमचे मोशे) भेटले, म्हणाले, तुमच्या लोकांना झेपणार नाही, मला अनुभव आहे, जा आणि कमी करून घ्या. प्रेषित परत गेले. पुन्हा मूसा, पुन्हा फेरी. असं करत करत ५ राहिल्या. आता कडवट_चहा यांच्यासाठी शेवटचं वाक्य: अल्लाह म्हणतो, या पाच आहेत आणि पन्नासही आहेत, माझ्याकडे शब्द बदलत नाही.

म्हणजे पाच पढा, पुण्य पन्नासाचं. घासाघीस होऊनही मूळ आकडा शाबूत! मला लहानपणापासून हा प्रसंग फार आवडतो. अम्मी सांगायची तेव्हा मूसांचा आवाज आमच्या भाजीवाल्या चाचांसारखा काढायची.

ता. क. मोसूलमध्ये यूनुसच्या कबरीची मशीद होती, नबी यूनुस. जुलै २०१४ मध्ये आयसिसने ती सुरुंग लावून उडवली. खाली अश्शूरी राजा एसरहद्दोनचा महाल निघाला.

इरसाल_कार्टं | दुपारी १२.३१

माफ झालेलं शहर माणसांनी पाडलं. घ्या.

संपादक मंडळ | दुपारी १.००

धर्मांतराविषयीचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा चांगला चाललाय, रुळावर राहू द्या.

कडवट_चहा | दुपारी २.४५

मिरजेची_सून, सलाम. तुमच्या मूसांनी पेच दाखवला आणि सोडवलाही, निदान सोडवल्यासारखं केलं. हेच तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने तर्काच्या भाषेत मांडलं: इच्छा बदलणं वेगळं आणि बदल व्हावा अशी न बदलणारी इच्छा असणं वेगळं. ४० दिवस धाक, मग माफी, हे सगळं एकाच इच्छेत पहिल्यापासून गुंडाळलेलं.

तार्किकदृष्ट्या यात भोक नाही, मान्य. पण मग निनवेचा राजा राखेत बसला तेही आधीच लिहिलेलं. नाटकात नटाने रडून प्रेक्षक हलतात, लेखक हलत नाही. असा देव तुमच्या पोराला आवडेल?

अमेरिकेत काही ख्रिस्ती पंडितांना तो आवडला नाही. क्लार्क पिनॉक वगैरे मंडळींनी १९९४ साली मांडलं की भविष्य देवासाठीही काही अंशी मोकळं आहे, तो खरोखर ऐकून ठरवतो. त्यावर इतका गदारोळ झाला की २००३ मध्ये एका धर्मपंडितांच्या संस्थेत पिनॉक आणि जॉन सँडर्स यांना काढून टाकण्यावर मतदान झालं. काढलं नाही. मी नास्तिक माणूस, पण त्यातल्या त्यात मला हा देव प्रामाणिक वाटतो. निदान तो समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देतो.

निवांत७ | रात्री ११.५०

एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

मागच्या वर्षी बाबा ११ दिवस आयसीयूत होते. मला शास्त्रातला हिज्कीया राजा आठवायचा. २ राजे २०. यशया संदेष्टा येऊन सांगतो, तू मरणार, घराची निरवानिरव कर. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. यशया अजून वाड्याच्या चौकातच आहे तोवर देव त्याला परत पाठवतो: सांग त्याला, १५ वर्षं वाढवली. अंजिराचा लेप लावतात आणि तो बरा होतो.

आयसीयूबाहेर बसून मी हा हिशेब करायचे. डॉक्टर सकाळी राउंडला येऊन सांगून जायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राहायचे, की लिफ्टपर्यंत पोचायच्या आत परत फिरतील. फिरले नाहीत.

तुमचं सगळं वाचलं. देव मत बदलू शकतो का, हा प्रश्न मला तितकासा छळत नाही. तो बदलू शकतो आणि माझ्या वेळेला बदललं नाही, हे जास्त जड आहे. पावसासारखा असता तर राग तरी आला नसता.

खडूपाटी | मंगळवार, सकाळी ५.३०

निवांत, तुझा प्रतिसाद वाचून झोप लागली नाही. अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी शौलाचा उल्लेख केला होता, पण त्यातला अवघड भाग टाळला. शौलही 'मी पाप केलं' म्हणाला. एकदा नव्हे, दोनदा. शमुवेलाच्या झग्याचा काठ धरला त्याने, तो फाटला. निनवेला माफी, शौलाला नाही. संडे स्कूलच्या पुस्तकात लिहिलंय की शौलाचा पश्चात्ताप खरा नव्हता. मला ते आता सोयीचं वाटतं. माफी मिळाली नाही म्हणजे रडणं खोटं होतं, असं उलटं गणित कुणाच्याही बाबतीत करू नये. तुझ्या बाबतीत तर नाहीच.

याहून जास्त मला काही सांगता येत नाही. तुझ्या बाबांसाठी आज प्रार्थना केली. काय मागायचं ते कळलं नाही, नाव घेतलं फक्त.

अनुस्वार | सकाळी ८.१५

निवांत७, मीही काही समजावणार नाही. एक दिसलेली गोष्ट ठेवतो. नको असेल तर वाचू नका.

निनवेचा राजा आपल्या फर्मानात म्हणतो, 'कोण जाणे, देव फिरेल आणि कळवळेल.' हिब्रूत 'मी योदेआ', दोनच शब्द. हेच दोन शब्द २ शमुवेल १२ मध्ये दावीद राजाच्या तोंडी आहेत. त्याचं तान्हं मूल आजारी असतं. तो सात दिवस जमिनीवर पडून राहतो, जेवत नाही. मूल जातं. चाकर सांगायला घाबरतात. तो उठतो, आंघोळ करतो, जेवायला मागतो. चाकर चक्रावतात, तेव्हा सांगतो: मूल जिवंत होतं तोवर मी उपास केला, म्हटलं कोण जाणे, परमेश्वर दया करेल.

एकाच शब्दांनी दोघांनी दार ठोठावलं. एका शहराला उघडलं, एका बापाला नाही. का, ते पुस्तकात नाही. नंतरच्या टीकाकारांनी कारणं शोधलीत, मला एकही पटलेलं नाही.

दर्याकाठ | सकाळी १०.४०

मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६चं. दिवेकर नावाच्या बेने इस्राएल फौजी माणसाने बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेत होता, मरण समोर होतं, आणि सुलतानाचं मन वळून सुटला, अशी परंपरेने सांगतात ती गोष्ट. सिनेगॉगचं नाव 'शआर हारहामीम', म्हणजे दयेचं दार. मस्जिद बंदरचं 'मस्जिद' यावरूनच पडलं असंही म्हणतात.

आजींना मी एकदा विचारलं होतं, त्याच्याबरोबरचे जे कैदी सुटले नाहीत त्यांचं काय? आजी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी सिनेगॉग बांधलं नाही, म्हणून आपल्याला कळत नाही." आणि भाकरी उलटली.

निवांत७ | दुपारी ३.०५

अनुस्वार, वाचलं. बरं केलंत ठेवलंत. दावीद जेवायला बसतो ते मला आठवत नव्हतं.

कडवट_चहा | सायं. ६.३०

मी तर्क मागे घेत नाहीये. पण एक कबूल करतो. या अख्ख्या गोष्टीत प्लेटोच्या व्याख्येत बसणारा, बिलकूल न बदलणारा, एकच जण आहे, तो म्हणजे योना. पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत हटून बसलाय. शहराबाहेर छप्पर घालून बसतो, पडतंय का बघायला. देव त्याच्यावर वेल वाढवतो, मग किडा लावून वाळवतो, तर वेलीसाठी मरायला निघतो.

ताई, रविवारी काय झालं ते कळवा. फी घेणार नाही.

अनुस्वार | सायं. ६.५०

अवांतर: ती वेल आयव्हीची की भोपळ्याची यावर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला खरोखर दंगा झाला होता. जेरोम नावाच्या ख्रिस्ती पंडिताने बायबलच्या नव्या लॅटिन भाषांतरात भोपळ्याच्या जागी आयव्ही लिहिली. आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत ते चर्चमध्ये वाचल्यावर लोक खवळले, बिशपची गादी जायची वेळ आली. ऑगस्टीन या बिशपने जेरोमला पत्र लिहून हे कळवलंय. देवाने शहराबद्दलचं मन बदललं ते चाललं, भाजी बदललेली चालली नाही.

खडूपाटी | पुढचा रविवार, दुपारी २.१०

आले वर्ग घेऊन.

फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'निनवे पडेल.' 'निनवे पालटेल.' विचारलं, कुठलं खरं ठरलं? सगळे ओरडले, दुसरं. दर्याकाठच्या आजी सांगितल्या, 'पडशील' आणि 'पाडीन'ही सांगितलं. मेराजची गोष्ट नाव न घेता, 'शेजारच्या धर्मात अशी एक गोष्ट आहे' म्हणून सांगितली. मूसांचा भाजीवाल्याचा आवाज मला जमला नाही. दावीद सांगितला नाही. तो त्या वयाला नाही असं मला वाटलं, चुकलं असेल कदाचित.

आमचं ते पोरगं गप्प होतं. त्याच्या घरी चार जनावरं आहेत, दुष्काळात छावणीत न्यावी लागली होती. तो ७व्या ओवीवर बोट ठेवून बसला होता. वर्ग सुटल्यावर आला.

"टीचर, इथं लिहिलंय गुरांनी पाणीपण प्यायचं नाही."

म्हटलं, हो.

"मग ४० दिवस कुठले. बिनपाण्याचा बैल चार दिवस काढत नाही. देवाने लगेच ठरवलं असणार, दोन-तीन दिवसांतच. तो योना उगाच बसून राहिला उन्हात."

मी घरी येऊन शेवटची ओवी काढली. देव योनाला विचारतो, ज्या शहरात उजवं-डावं न कळणारी १ लाख २० हजारांवर माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं, त्याची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथेच संपतं, गुराढोरांवर. योनाचं उत्तर नाहीच.

इरसाल_कार्टं | दुपारी २.२५

पोराला वकील नका करू. जनावरांचा डॉक्टर करा.